साबूकंदाचीं बिस्किटें आणि आमची वरई

उपवासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी होत नाहीं असें घर जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत शोधूनच काढावें लागेल. तथापि ज्या झाडाच्या मुळांपासून हा दाणा होतो तें झाड आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिलें असेल. कसावा अथवा साबूकंद हें त्याचें नांव. मूळचें तें दक्षिण अमेरिकेचें. पोर्तुगीजांबरोबर मलबारच्या किनाऱ्यास आलें, आणि १८८० ते १८८५ पर्यंत राज्य करणाऱ्या विशाखम तिरुनाळ महाराजांनीं त्रावणकोरांत त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. दुसऱ्या महायुद्धांत मलायाकडील माल येईनासा झाल्यावर सेलम भागांत साबुदाण्याचे कारखाने वाढीस लागले, व आजही आमच्या एकादशीचा पैसा बराचसा तिकडेच जातो.

आतां याच कंदाच्या पिठाचीं वेस्ट इंडीजच्या धर्तीचीं मसालेदार बिस्किटें करावीं, असा विचार कांहीं तरुण मंडळी बोलून दाखवितात. विचार टाकाऊ नाहीं. त्या बेटांवरील मूळचे रहिवासी कंद किसून, पिळून, त्याची पातळ भाकरी तव्यावर भाजीत. ती फार दिवस टिके म्हणून स्पॅनिश खलाशी जहाजावर शिदोरीस नेत. या भाकरीच्या परंपरेस २०२४ सालीं युनेस्कोनें मानवी वारशाच्या यादींत स्थान दिलें. पुढें त्या बेटांवर खोबरें, काळी साखर, सुंठ, जायफळ व दालचिनी घालून गोड प्रकार होऊं लागले. यांपैकीं सुंठ, जायफळ व दालचिनी हे तिन्ही जिन्नस मूळचे आशिया खंडांतले. ग्रेनाडाच्या निशाणावर जायफळ आहे, आणि आमच्या कोकणांत तेंच जायफळ नारळाच्या बागेंत आंतरपीक म्हणून निघतें. तेव्हां ही चव आम्हांस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

परंतु येथेंच एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. तें किसणें-पिळणें हौसेखातर नव्हतें. या कंदांत, विशेषतः कडू जातींत, सायनाइड उत्पन्न करणारें द्रव्य असतें. किसून, पाणी काढून टाकून व नीट वाळवून किंवा भाजूनच तें नाहींसें होतें. कोणीं दिलेले कंद घरीं कापून, अर्धवट वाळवून, दळून पोरांस खाऊ घालण्याचा उद्योग कोणीही करूं नये. पीठ घ्यावयाचें तें खात्रीच्या ठिकाणाहून, गोड जातीचें व नीट वाळविलेलें घ्यावें. घरचा साबुदाणा दळून हें काम होत नाहीं. साबुदाणा म्हणजे नुसतें सत्त्व, त्याचें बिस्कीट एक तर चिकट होतें नाहीं तर दगड.

दुसरा प्रश्न लागवडीचा, आणि त्यांत आम्ही स्पष्टपणें विरुद्ध आहों. कुकडीच्या कालव्याखालील जमिनींत बेणें आणून लावावें अशी भाषा ऐकूं येते. हें पीक आठ-दहा महिने रान अडवितें. कोरडें सोसतें, पण मुळाशीं साचलेलें पाणी सोसत नाहीं. पांढऱ्या माशीमुळें व रोगट बेण्यामुळें त्यावर मोझेक पसरतो. ही माशी काय करते हें नारायणगांवच्या टोमॅटोवाल्यांस आम्हीं सांगावयास नको. रानडुकरांस तर कंद म्हणजे मेजवानीच. सर्वांत मोठी अडचण अशी कीं, काढलेला कंद दोन-तीन दिवसांत खराब होऊं लागतो. कांद्याप्रमाणें वखारींत भाव येईपर्यंत थांबण्याची सोय नाहीं. जवळ गिरणी नाहीं तोंवर हें पीक म्हणजे व्यापाऱ्याच्या दारीं हात जोडून उभें राहणें होय. कंद-पिकांच्या संशोधनाचें केंद्र तिरुवनंतपुरमजवळ १९६३ पासून आहे. ज्यास प्रयोग करावयाचाच असेल त्यानें तेथील शिफारशीचें निरोगी बेणें एखाद्या गुंठ्यांत लावून पाहावें, अधिक नव्हे.

मग करावें काय? पीठ विकत घ्यावें व त्याच्या जोडीस आपलें धान्य घालावें. आम्हीं उभा जन्म महसुलाच्या कारकुनींत घालविला. पीकपाहणीच्या रकान्यांत पश्चिमेकडील डोंगरी गांवांची नाचणी व वरई सालोसाल आकसत गेलेली पाहिली. आहुपे-हातवीजकडील शेतकरी पोतीं उतरवून मिळेल त्या भावानें देतो. भगर काढण्याच्या गिरण्या नाशिककडे, नफाही तिकडेच. वरई उपवासास चालते, साबूकंदही चालतो. या दोन पिठांचें, गूळ, तूप व खोबरें घालून केलेलें बिस्कीट उपवासाचें म्हणून खपेल. दालचिनी चालते कीं नाहीं याचा निवाडा घरोघरच्या वडीलधाऱ्या बायांनीं करावा; सुंठ व वेलदोडा यांस हरकत घेतलेली आमच्या ऐकिवांत नाहीं.

रोजच्या खाण्यासाठीं नाचणी बरी. साबूकंदाच्या पिठांत प्रथिनें नांवालाच, शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम. नाचणींत सात ग्रॅमच्या आसपास व चुना साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरांत. दोन वाट्या नाचणीस एक वाटी साबूकंद हें प्रमाण आम्हांस योग्य दिसतें. दोहोंतही गव्हाचा चिकटपणा नाहीं, म्हणून पीठ मळल्यावर अर्धा तास झांकून ठेवावें, बिस्कीट जाड थापावें व मंद आंचेवर भाजावें. नाहीं तर भट्टींतून काढतांनाच चुरा होतो. गूळ किसून तुपांत फेसावा. पाक केल्यास बिस्किटाची वडी होते.

भट्टीचा खर्च नको. दिवाळीपूर्वीं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरींत नानकटाई भाजून आणण्याची चाल आपल्याकडे आहेच. त्याच बेकरीवाल्याशीं भाजणावळ ठरवून आमच्या संस्थेनें आषाढी एकादशीस पहिला घाणा काढावा. विक्रीपूर्वीं २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करून घ्यावी व वेष्टनावर घटक छापावेत. हें काम कारकुनी आहे, आम्ही करूं. वरई व नाचणी मात्र डोंगरी गांवांतून थेट संस्थेनें घ्यावी, आणि तिचा भाव बिस्किटें खपल्यावर नव्हे, पोतें उतरतांना चुकता करावा. पुढील सभेंत हा विषय घ्यावा अशी चिटणिसांस विनंती आहे.