लेकरू घेऊन विमानात बसताना

भगिनींनो, पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या मधले लहानसे स्टेशन. पॅसेंजर येथे घटकाभर थांबते, मोठ्या गाड्या बहुतेक धडधडत निघून जातात. गावावरून आभाळात एखादे विमान गेले की पोरे अजून अंगणात धावतात. अशा या गावातून आमची भाची ११ महिन्यांचे लेकरू कडेवर घेऊन दुबईला गेली. तिचा नवरा तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. लेकरू पोटात असतानाच तो गेला. बापाने लेक पाहिला तो फोनवरच, आणि लेकाने बाप पाहिला तोही हाताएवढ्या काचेतच. २०२५ च्या दिवाळीनंतर त्याला एक खोली मिळाली, बायकोमुलाचा व्हिसा झाला आणि आमच्या थोरल्या बहिणीच्या घरात एकच घोर सुरू झाला.

"तू पेपरात लिहितीस ना माय," बहीण आम्हांला म्हणाली, "मग सांग बरं. एवढंसं लेकरू इमानात कसं न्यायचं? कानं फुटतेत म्हन्तेत."

आम्ही स्वतः विमानात एकदाच बसलो आहोत, तेही लेकरू न घेता. म्हणून आम्ही विचारपूस केली, डॉक्टरांना भेटलो, हैदराबादच्या विमानतळाच्या दारापर्यंत भाचीला पोचवून आलो. या धावपळीत जे कळले आणि जिथे आम्ही चुकलो, ते सारे या वेळी सांगत आहोत. आज आपल्या वस्तीतली मुले पुणे-बंगळूरला आहेत, आखातात आहेत. उद्या ही वेळ कुणाच्याही घरी येईल.

पहिली चूक आमचीच. लेकराचा जन्म वेळेत, म्हणजे २१ दिवसांच्या आत नोंदवला होता. दाखलाही घरात होता. पण बाप आला की थाटाने नामकरण करू, असे म्हणून नावाची जागा कोरीच राहिली. घरात सगळे 'बाळू, बाळू' म्हणत. पासपोर्टचा अर्ज भरायला बसलो तेव्हा ध्यानात आले की कागदावर या लेकराला नावच नाही! १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरा कागद चालत नाही. सुदैवाने वर्ष उलटले नव्हते. जन्मनोंदीत बाळाचे नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क भरता येते. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत भरता येते, पण शुल्क देऊन. तेव्हा मायबहिणींनो, नामकरणाचा कार्यक्रम सवडीने करा, पण नाव आधी दाखल्यावर चढवा. आईचे, बापाचे आणि लेकराचे नाव सगळ्या कागदांवर अक्षर न अक्षर सारखे आहे की नाही, तेही पाहून घ्या. एका अक्षराने महिना जातो.

परदेशी जायचे तर तान्ह्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. साधे शुल्क ९०० रुपये, मुदत ५ वर्षे. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपणच काढून न्यायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, डोळे उघडे असलेला. आमच्या बहिणीने धुतलेली पांढरी चादर खाटेवर अंथरली, बाळूला उताणे निजवले आणि फोटोवाला खाटेवर उभा राहिला. सोळा वेळा फोटो काढला तेव्हा एकदा पठ्ठ्याने सरळ पाहिले. अर्जावर आईबाप दोघांची संमती लागते. बाप परदेशी असल्याने त्याचे प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून मागवावे लागले. यात दिवस गेले. म्हणून तिकीट आधी आणि कागद मागून, असे कधी करू नये.

देशातल्या देशात जाताना पासपोर्टचे काम नाही. पण लेकराच्या वयाचा पुरावा विमान कंपनी मागते. जन्मदाखल्याची प्रत आणि लसीचे कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

आता तिकिटाचे. दोन वर्षे पुरी न झालेल्या मुलाला वेगळी जागा नसते, ते मांडीवरच बसते. देशातल्या प्रवासाला त्याची एक ठरावीक रक्कम घेतात. परदेशी प्रवासाला साधारणपणे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतके पडते. दोन वर्षे पुरी झाली की पूर्ण जागेचे तिकीट. जाताना २३ महिन्यांचे असलेले मूल परतताना दोन वर्षांचे होत असेल, तर परतीला जागा घ्यावी लागते. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच मूल चालते. जुळ्यांना घेऊन एकट्या आईला असे जाता येणार नाही. तिकीट काढतानाच सोबत तान्हे मूल आहे हे नोंदवावे. सामानाची मर्यादाही तेव्हाच विचारावी. देशातल्या विमानांत साधारण १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली असते. लेकराच्या नावावर काय मिळते, ते कंपनीगणिक बदलते.

विमान कुठून धरायचे, हाही प्रश्न होता. नांदेड जवळ. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतली पहिली विमाने सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. तेव्हा आपल्या भागात केवढे अप्रूप वाटले होते! पण ती सेवा देणारी कंपनीच पुढे बंद पडली, आणि तेव्हापासून नांदेडची विमाने कधी चालू, कधी बंद असा खेळ आहे. म्हणून चौकशी केल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आम्ही परभणीहून रात्रीची गाडी धरून हैदराबाद गाठले. तिथून दुबई चार तासांची. पण पिंगळीच्या उंबऱ्यापासून दुबईच्या उंबऱ्यापर्यंत जवळपास पूर्ण दिवस-रात्र लागते. तयारी चार तासांची न करता चोवीस तासांची करायची, हे ध्यानात ठेवा.

निघण्याच्या आदल्या रात्री मोठा प्रसंग घडला. बहिणीने बाळंतपणापासून लेकीला डिंकाचे लाडू चारले होते. जावयासाठीही तिने दोन किलो वळून डबा भरला. खारीक, खोबरे, डिंक, गूळ, आणि वरून परतलेली खसखस. आम्ही डबा उघडून पाहिला आणि पोटात गोळा आला. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, खसखस बंदीची वस्तू आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिची गणना अमली पदार्थांत होते. हा निव्वळ दंडाचा मामला नाही, माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

बहीण ऐकेना. "मसाल्यात घालतो आपण ती. तिच्यानं काय नशा चढती व्हय?"

"तुझं खरं आहे," आम्ही म्हणालो, "पण तिथला कायदा तुझ्या मसाल्याच्या डब्याला ओळखत नाही. लेकराला घेऊन पोर चौकीत बसली तर तू इथून काय करशील?"

बहीण बराच वेळ गप्प बसली. मग तिने डबा उचलला आणि लाडू शेजारच्या पोरांना वाटले. रात्री अकराला पुन्हा चूल पेटली, खसखशीवाचून नवे लाडू वळले गेले. खसखस घातलेला काळा मसालाही बॅगेतून काढला. खोकल्याची व दुखण्याची काही औषधेही तिथे बंदीत येतात. जे औषध लागणारच, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ बाटलीतच न्यावे.

याच रात्री बहिणीने दुसरा विषय काढला. लेकरू विमानात रडू नये म्हणून झोपेचे काही द्यावे काय? भगिनींनो, हे मात्र मुळीच करू नका. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया एके काळी लेकरांना अफूची बाळगोळी देऊन पाळीवर जात. त्यांना पाळणाघर नव्हते, रजा नव्हती, पोटाची आग होती. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्या गोळीने किती लेकरे सुकली! झोपेच्या औषधाने तान्ह्या मुलाचा श्वास मंदावू शकतो. डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले, "रडलं तर रडू द्या. औषध देऊ नका."

कानांचेही डॉक्टरांनीच समजावले. नाक-घशापासून कानाच्या आतपर्यंत एक बारीक नळी असते. विमान वर जाताना व विशेषतः खाली उतरताना हवेचा दाब बदलतो. गिळले की ती नळी उघडते आणि दाब सारखा होतो. मोठी माणसे आवंढा गिळतात, तान्ह्याला ते कळत नाही. म्हणून विमान चढताना आणि उतरताना अंगावर पाजावे. सहा महिन्यांवरच्या मुलाला वाटीचमच्याने घोट घोट पाणीही चालते. उतरायला अर्धा तास असतानाच सुरुवात करावी, लेकरू झोपले असेल तर हलकेच उठवावे. रडण्यानेही कान मोकळे होतात, तेव्हा रडू आले म्हणून घाबरून जाऊ नये. कानात कापूस कोंबून मात्र काही उपयोग नाही. सर्दी, ताप किंवा कान फुटलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, प्रवास पुढे ढकलावा लागला तरी चालेल. अगदी नवजात बाळाला निकड नसेल तर नेऊच नये. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आणि त्याआधीच्या लसी राहिल्या असतील तर निघण्यापूर्वी देऊन घ्याव्यात.

हातातल्या पिशवीत आम्ही काय भरले, ते सांगतो. बारा डायपर, कारण वाटेत लंगोट धुणार कुठे? बाळाचे तीन जोड कपडे आणि आईचाही एक जोड. हा जोड बायका विसरतात आणि ओल्या साडीत प्रवास करतात. टोपी, मोजे आणि जुनी मऊ गोधडी, कारण विमानात गारठा असतो. नाचणीचे सत्त्व, केळे, उकळून गार केलेले पाणी, चमचा. बाळाच्या वासाचा जुना फडका. एक खुळखुळा. घाण कपड्यांसाठी दोन पिशव्या. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, बापाचा दुबईचा पत्ता व फोन हे कागद गळ्यातल्या पिशवीत. परदेशी विमानात १०० मिलिलिटरवरचे पातळ पदार्थ हातात नेऊ देत नाहीत, पण लेकराच्या दुधा-पाण्याला प्रवासापुरती सूट असते. तपासणीच्या वेळी आपणच "हे बाळाचं आहे" असे सांगावे. काडेपेटी, विळी, सुरी हातात नको. लोणचे, तूप मोठ्या बॅगेत नीट बांधून, तेही कंपनीला विचारून. सुके खोबरे नकोच. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही.

परदेशी विमानाला तीन तास आणि देशातल्याला दोन तास आधी पोचावे. लेकरू असले की काउंटरवर वेळ लागतोच. तिकीट नसलेल्याला दारातून आत सोडत नाहीत, त्यामुळे आम्ही व बहीण काचेबाहेर उभे राहिलो. पुढचे भाचीने फोनवर सांगितले.

बायकांची तपासणी पडद्याआड बाई शिपाईच करतात, भिण्याचे कारण नाही. विमानात हवाईसुंदरीने छोटा पट्टा आणून दिला. तो आईच्या पट्ट्यात अडकवून लेकराच्या कमरेला बांधायचा असतो. आपल्याच पट्ट्यात लेकराला गुंडाळू नये, धक्का बसला तर ते आपल्या भाराखाली चेंगरते. पदराखाली पाजायला कोणी मनाई केली नाही. वर जाताना बाळू पीत राहिला. उतरताना मात्र दहा मिनिटे टाहो फोडला. शेजारचा प्रवासी तोंड वाकडे करू लागला तेव्हा भाचीने मान खाली घातली नाही. "तिकीट आम्ही बी काढलंय," असे ती मनात म्हणाली आणि लेकराला थोपटत राहिली. आम्हांला हे फार आवडले. आपल्या बायका अशा झगमगत्या ठिकाणी उगीच अंग चोरून बसतात. माहीत नसेल तर विचारावे. हिंदीत विचारले तरी उत्तर मिळते. विचारण्यात कमीपणा कसला?

बाहेर बाप उभा होता. त्याने हात पुढे केले आणि बाळूने जोरात भोकाड पसरले. हे अपेक्षितच होते. लेकरू काचेतल्या बापाला ओळखत होते, समोरच्या दाढीवाल्याला नव्हे. भाचीने नवऱ्याला सांगितले, "घाई करू नका. आधी फोनवर बोलता तसं बोला." तो तिथेच खाली बसला आणि रोज रात्री म्हणायचा तसे "बाळू, ए बाळू" म्हणाला. लेकरू हुंदके देत थांबले. मग आवाज कुठून येतो ते पाहू लागले.

बहिणीला हे सांगितले तेव्हा तिने डोळे पुसले आणि पहिला प्रश्न केला, "लाडू फुटले तर न्हाईत ना?"