चार दिवस की सातशे तास?

क्रेनिओसॅक्रल थेरपीची पाटी कुठेही गेले तरी सारखीच दिसते. आत कोण हात लावणार आहे, हे ती सांगत नाही. तो अमेरिकेतील पूर्ण वैद्यकीय परवाना असलेला ऑस्टिओपॅथ असेल, फिजिओथेरपिस्ट असेल, किंवा मसाज शिकून चार दिवसांचा पहिला वर्ग केलेला कोणी. रुग्ण मात्र तिघांवर सारखाच विश्वास टाकतो.

या तफावतीचे मूळ इतिहासात आहे. मोठेपणीही कवटीची हाडे किंचित हलतात, मेंदूभोवतीच्या द्रवाला स्वतःची लय असते, ही अमेरिकन ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांची धारणा या थेरपीचा पाया आहे. 1939 मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपाने मांडली. तेव्हा ती ऑस्टिओपॅथांच्या वर्तुळातलीच होती. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात काम केलेल्या जॉन अपलेजर यांनी 1985 मध्ये फ्लोरिडात संस्था काढली आणि इतरांनाही वर्ग खुले केले. तेथील पहिला वर्ग चार दिवसांचा. याच थेरपीच्या बायोडायनॅमिक शाखेची उत्तर अमेरिकेतील संघटना मात्र सातशे तासांचे प्रशिक्षण मागते. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणवून घ्यायला 1993 च्या कायद्याने नोंदणी लागते, क्रेनिओसॅक्रल थेरपिस्टला ती ऐच्छिक. स्वित्झर्लंडमध्ये पूरक उपचारकांसाठी 2015 पासून राष्ट्रीय पदविका आहे आणि तिच्यात ही पद्धतही येते.

मग सातशे तास सगळीकडे सक्तीचे केले की झाले? आम्हाला तसे वाटत नाही. या तासांचा मोठा भाग जातो तो दोन रुपयांच्या नाण्याच्या वजनाएवढ्या, म्हणजे पाचेक ग्रॅमच्या दाबाने ती लय हाताला लागावी यासाठी. आणि एकाच माणसाची लय दोघा तज्ज्ञांनी मोजली, तर आकडे जुळत नाहीत, हे 1990 च्या दशकातील चाचण्यांतच दिसले आहे. 2019 च्या एका आढाव्याने जुनाट दुखण्यात आराम नोंदवला होता. 2024 च्या आढाव्यात 15 चाचण्या तपासल्यावर कोणत्याच आजारात उपयोग आढळला नाही. शांत खोलीत कोणी हळुवार हात ठेवला की बरे वाटते, ते वाटू द्यावे. पण उपचारकाची पात्रता ठरवताना लय ऐकण्याचे तास मोजण्यात अर्थ नाही. समोरचा रुग्ण आपल्या हातातला नाही, त्याला तातडीने रुग्णालयात पाठवले पाहिजे, हे उपचारकाला कळते का, ते तपासायला हवे.

तान्ह्या बाळांबाबत तर हाच प्रश्न जिवाचा होतो. सतत रडणारे, अंगावर नीट न पिणारे बाळ घेऊन आईबाप या उपचाराकडे वळतात. 2009 मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी एका तीन महिन्यांच्या मुलीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. स्वतःला क्रेनिओसॅक्रल थेरपिस्ट म्हणवणाऱ्याने उपचार करताना तिची मान आणि पाठ खूप वाकवली. तिचे अंग सैल पडले, श्वास थांबला, आणि ती वाचली नाही. हळुवार स्पर्शाच्या या पद्धतीत असे वाकवणे बसत नाही, असे तिचे समर्थक म्हणतील. खरे आहे, पण काय बसते आणि काय नाही, हे ठरवणारे आणि मोडल्यास जाब विचारणारे कोण आहे? टाळू भरणारी आपल्याकडची जाणती बाईसुद्धा टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसली की तेलाची वाटी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायला सांगते. फुगलेली टाळू मेंदूज्वराची खूण असू शकते. एवढे तरी बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कळलेच पाहिजे.

हे नाव आता मुंबई-पुण्यातील वेलनेस केंद्रांपर्यंत पोहोचले आहे. फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी आपल्याकडे साडेचार-पाच वर्षे जातात आणि त्यांच्यावर परिषदेचा अंकुश असतो. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातील यादीत क्रेनिओसॅक्रल थेरपिस्ट मात्र नाही. त्यामुळे वर्ग करून आलेल्याला विचारणारे कोणी नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने दोन गोष्टी लगेच कराव्यात. पहिली, उपचारकाची मूळ पदवी, नोंदणी क्रमांक आणि या पद्धतीचे किती तास शिकला, हे पाटीवर आणि पावतीवर मराठीत छापणे सक्तीचे करावे. दुसरी, बालरोगतज्ज्ञाने तपासून लेखी संमती दिल्याशिवाय एक वर्षाखालील बाळावर हा उपचार करण्यास बंदी घालावी, आणि ती मोडणाऱ्याचे केंद्र बंद करावे.