हलके, पण विरळ नव्हे

दिवाळी आली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे डोंगर चढू लागतात. एक, धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला निघणारी. सातपुड्याच्या या शिखरावर अश्वत्थामा अजून वावरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो, अशी इकडची श्रद्धा आहे. दुसरी, तोरणमाळला यशवंत तलावाकाठी उतरून तिथून सीताखाई पाहायला पायी निघणारी हौशी मंडळी. पहिल्यांजवळ गाठोडे असते, दुसऱ्यांजवळ पट्ट्यांची पिशवी. ऊन मात्र दोघांच्याही डोक्यावर सारखेच.

आश्विनातले हे ऊन मोठे फसवे. पावसाने धुतलेले आकाश, अजून हिरवा असलेला डोंगर आणि वर गार वारा, त्यामुळे चटका असा जाणवत नाही. पण कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर त्यातल्या अतिनील किरणांनी. आणि दर हजार मीटर उंचीमागे ते सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. अस्तंबा आणि तोरणमाळ ही दोन्ही ठिकाणे हजार मीटरांच्या वरचीच. वारा गार लागतो म्हणून माणूस बाह्या सरसावतो, टोपी पिशवीत कोंबतो, आणि रात्री मुक्कामावर ऊन पाण्याचा तांब्या मानेवर ओतताच ओरडतो.

गेल्या साली माझ्या पुतण्याने या प्रवासासाठी पुण्याहून खास सदरा आणला होता. वजनाला रुमालाएवढा, घडी केली तर मुठीत मावेल. गळपट्टीच्या चिठ्ठीवर 50 हा आकडा. किंमत ऐकून आमच्या मातुःश्रींनी "बाह्या सोन्याच्या आहेत का रे?" एवढेच विचारले. पोराची बाजू घ्यायची तर तो आकडा पोकळ नव्हे. कापडाची अशी मोजणी कशी करायची याचे प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी 1996 साली ठरवले. 50 म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, शंभरातले दोनच, आत शिरतात. आपला पातळ पांढरा सुती टी-शर्ट याच मापाने पाच ते सातच्या घरात येतो, आणि घामाने चिंब झाला की तीनच्या आसपास उतरतो. म्हणजे अंगात कपडा असूनही त्या किरणांचा तिसरा हिस्सा थेट कातडीवर!

मराठीच्या मास्तराला यात शब्दांचा घोटाळा दिसतो. दुकानात आपण 'हलके कापड दाखवा' म्हणतो, आणि दुकानदार विरळ कापड दाखवतो. हलकेपणा वजनाचा, विरळपणा विणीचा. बारीक सुताचे पण घट्ट विणलेले कापड हलकेही असते आणि ऊनही अडवते; झिरझिरीत मलमल नुसती हलकी असते. पारख अगदी सोपी आहे. कापड दिव्यासमोर धरावे. उजेड ठिपक्याठिपक्यांनी गळू लागला, तर ऊनही तसेच गळणार. नवे सुती कापड एकदोनदा धुतले की आटते, छिद्रे मिटतात आणि ते अधिक कामाचे होते. अंगाला तटतटून बसणाऱ्या कपड्याचे उलटे. ताणला की त्याची वीण उघडते.

रंगाचा मुद्दा जरा चकवणारा आहे. गडद रंग अतिनील किरण अधिक शोषतो, म्हणजे आत कमी जाऊ देतो. पण काळे घातले तर उकडणार नाही का? वाळवंटातले बदाऊनी काळे झगे का घालतात, या प्रश्नावर 1980 साली 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात एक निबंध आला होता. सैल काळ्या आणि सैल पांढऱ्या झग्यात अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळे कापड जास्त तापते खरे, पण ती जादा उष्णता आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते. सारी मेख सैलपणात आहे. आपल्या जुन्या शिंप्यांना हे कळत होते. काखेत चौकोनी तुकडा, चौबगला, घालून शिवलेल्या सदऱ्यात हात वर केला तरी कापड ताणत नाही आणि वारा खेळतो. असा सदरा पूर्ण बाह्यांचा, उंच गळपट्टीचा, घट्ट विणीच्या सुती कापडाचा कोणताही शिंपी आजही शिवून देईल. खाली पायघोळ विजार हवीच. दिवाळीत गवतातली कुसळे मोज्यांतूनसुद्धा शिरतात. डोक्याला चहूकडून काठ असलेली टोपी, नाहीतर मान झाकणारे उपरणे. नुसत्या कपाळावर झाप असलेल्या टोपीने कान उघडेच राहतात.

आमच्या महाविद्यालयातल्या मुली ओढणीने तोंड, कान, मान सारे गुंडाळून सायकलीवर येतात, तेव्हा वडीलधारी माणसे 'दरोडेखोर आले' म्हणून हसतात. हसू द्या बापडी. कुठलाही आकडा न वाचता त्या मुलींनी योग्य तेच केले आहे.

त्यांच्याही आधी हे ज्यांना कळले, त्या बाया दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडच्या मिरचीच्या शेतांत आणि पथारींवर दिसतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडके, वर गाठ. डोंगर चढणारा माणूस दुपारी बारा ते तीन मोहाच्या सावलीत पडून राहू शकतो, आणि त्याने राहावेच. डोके गरगरू लागले, मळमळले, तर कोणताही सदरा उपयोगाचा नाही, सावली आणि पाणी लागते. या बायांना उठून सावलीला जाता येत नाही, रोज बुडतो. आणि त्यांच्या अंगातला तो शर्ट बहुधा धुऊन धुऊन जाळीसारखा झालेला असतो.

दिवाळीला घरातले जुने कपडे कामाच्या बाईला, गड्याला देण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. यंदा देण्यापूर्वी प्रत्येक शर्ट एकदा दिव्यासमोर धरा. झिरझिरीत निघाला तो फरशी पुसायला ठेवा; घट्ट विणीचा, लांब बाह्यांचा, अजून चार वर्षे टिकेल असा असेल, तो द्या.