लक्ष्याचे अंतर: प्रकाशवर्षांत

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. गच्चीवरच्या दुर्बिणीसाठी त्यांनी इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा कॅमेरा मागवला, तो निर्यात परवान्यापाशी अडला. ‘अंतिम वापर’ या रकान्यात त्यांनी ‘रूपविकारी ताऱ्यांचे प्रकाशमापन’ असे लिहिले होते. शेरा आला: लक्ष्याचे ठिकाण व अंतर नमूद करावे. त्यांनी विषुवांश, क्रांती आणि प्रकाशवर्षे भरून पाठवली. अर्ज अपूर्ण म्हणून परत.

हा संवेदक निर्यात नियंत्रणाच्या वासेनार यादीत दुहेरी वापराचा माल आहे. रात्रीच्या टेहळणीलाही तोच लागतो. नियंत्रणाबद्दल आमचा वाद नाही. भारत 2017 पासून त्या व्यवस्थेत आहे, अमिराती नाही, तेव्हा तिकडे जाणाऱ्या मालाची चौकशी होणारच. पण खगोलनिरीक्षणासाठी एक वेगळा रकाना छापायला कोणता करार आडवा येतो?

संताप यासाठी, की शहरी निरीक्षकाला खरा हात देणारा जो निकट-अवरक्त पट्टा, तोच हा संवेदक पाहतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड 0.8 मायक्रॉनच्या पुढे जवळजवळ संपतो. गोदामांचे दिवे रात्रभर जळत असले तरी त्यातल्या जे-पट्ट्यात त्यांचा त्रास फारच कमी. ओएचची वायुदीप्ती तर हानलेच्या वेधशाळेलाही चुकत नाही. आखाती दमट हवेत पट्ट्याच्या कडा कापल्या जातात, तेवढे सांभाळावे.

आणि लहान यंत्राला कमी लेखू नका. पालोमारच्या गॅटिनी-आयआरचा व्यास अवघा 30 सेंटिमीटर, पिक्सेल 8.7 विकलांचा. पण क्षेत्र 25 चौरस अंश! धुळीआड दडलेले, दृश्य सर्वेक्षणांतून निसटलेले नवतारे त्याने पकडले. तिथला संवेदक महागड्या जातीचा होता. 2023 मध्ये तिथेच सुरू झालेल्या एक मीटरच्या विंटर दुर्बिणीने मात्र इंडियम गॅलियम आर्सेनाइडच निवडला, तो खर्च आटोक्यात राहावा म्हणून.

आता आपल्या सभासदांविषयी. परवान्यांचे अनुभव आम्ही मागेच मागवले होते. फोनवर तक्रारी करणारे पुष्कळ, कागद देणारे बोटांवर मोजण्याइतके. ऐकीव तक्रार घेऊन आम्ही कोणत्या टेबलापुढे उभे राहायचे? अर्जाची प्रत, तारखा, मिळालेला शेरा, एवढे पाठवा. नावे खोडून पाठवलीत तरी चालेल.

कॅमेऱ्याची वाट पाहणाऱ्यांनीही बसून राहू नये. निओवाइज उपग्रहाची जुलै 2024 पर्यंतची, 3.4 आणि 4.6 मायक्रॉनची मापने सर्वांना खुली आहेत. दर सहा महिन्यांनी त्याने तोच आकाशाचा तुकडा पाहिला आहे. आपल्या वहीतले दीर्घ आवर्तनाचे तारे काढा, दृश्य प्रती त्यांच्याशी जुळवा आणि आलेख पाठवा. पुढच्या अंकाची आठ पाने त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.