लुटीचा वारसा आपण का चालवावा?

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकहून मालेगावकडे निघालेल्या प्रवाशाला चांदवडचा डोंगर दुरूनच खुणावतो. गावात होळकरांचा रंगमहाल, डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचे मंदिर आणि माथ्यावर किल्ला. याच चांदवडात होळकरांची टाकसाळ होती. तेथे पाडलेला चांदवडी रुपया एकेकाळी या मुलखाचे चलन होता. २०२५ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ठिकठिकाणी त्यांच्या राज्यकारभाराचे गुणगान झाले. ते व्हायलाच हवे होते. परंतु त्या राज्याची अखेर कशी झाली, आणि त्या अखेरीच्या खुणांचे आज आपण काय करीत आहोत, हा प्रश्न उत्सवाच्या गजरात विचारला गेला नाही.

आज चांदवडी रुपया व्यवहारात नाही, पण बाजारात आहे. जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनांत त्याचा भाव ठरतो. गडावर सापडलेला तोफेचा गोळा, गंजलेले पाते, बंदुकीची शिशाची गोळी या वस्तूंनाही गिऱ्हाईक असते. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात त्या मांडायच्या, आलेल्या पाहुण्याच्या हाती द्यायच्या आणि ‘ही खरी लढाईतली बरे का!’ असे सांगून त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य न्याहाळायचे, ही हौस सुशिक्षित घरांतही रुजली आहे.

ही लढाई कोणती होती, हे मात्र त्या कपाटाच्या मालकाला क्वचितच ठाऊक असते. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. तो ताब्यात घेण्यासाठी सर थॉमस हिस्लॉप तापीकाठी थाळनेरला पोहोचला. तेथे किल्ल्याच्या दरवाजात गोंधळ होऊन काही इंग्रज अधिकारी पडले आणि मग किल्ल्यातील सुमारे ३०० लोकांची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामा याला हिस्लॉपने फासावर चढविले. तो दिवस २७ फेब्रुवारी १८१८ चा. थाळनेरची वार्ता ताजी असतानाच चांदवडचा किल्लाही त्याच हिस्लॉपच्या स्वाधीन झाला. दिवाणखान्यातील त्या काचेमागे खरे तर हे थाळनेर आहे!

त्या सैन्याची लूट हा स्वतंत्र अध्याय आहे. इंग्रजी फौजेत लूट हा चोरटा धंदा नव्हता. तिच्या मोजदादीसाठी ‘प्राइझ एजंट’ नेमले जात आणि पदाच्या मानाने वाटे पडत. दख्खनच्या या लुटीवरून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि हिस्लॉप यांच्या पक्षांत वर्षानुवर्षे वाद चालला. त्र्यंबकेश्वराच्या चरणी असलेला म्हणून ओळखला जाणारा नासक हिरा याच लुटीत लंडनला गेला, सराफाला विकला गेला आणि पुढे एका इंग्रज उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये अमेरिकेत एका जवाहिऱ्याने तो पुन्हा कापून घेतला. देवाचा हिरा आधी विजयचिन्ह झाला आणि मग नुसता खडा उरला. दुःखाची वस्तू संग्राहकाच्या हाती गेली की तिचा प्रवास याच वाटेने होतो.

ही वाट कोठपर्यंत जाते, ते पाहायचे तर आलम बेगची कथा आठवावी. बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या ४६व्या पलटणीतील या हवालदाराला १८५८ मध्ये सियालकोटला तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याचे मस्तक एका अधिकाऱ्याने आठवण म्हणून मायदेशी नेले. १९६३ मध्ये ती कवटी इंग्लंडमधील केंट परगण्यातील एका मद्यालयात सापडली. तिच्या डोळ्याच्या खोबणीत त्याची हकीकत लिहिलेली चिठ्ठी खोचलेली होती. इतिहासकार किम वॅग्नर यांनी २०१७ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. पोलंडमधील ऑश्विट्झ येथे लाखो ज्यूंचा संहार झाला. तेथील प्रवेशद्वारावरची लोखंडी पाटी डिसेंबर २००९ मध्ये चोरीला गेली आणि तीन तुकडे केलेल्या अवस्थेत सापडली. या कटासाठी स्वीडनमधील एका माजी नवनाझी पुढाऱ्याला २०१० मध्ये तुरुंगवास झाला. ज्या पाटीखालून माणसे मरणाकडे गेली, तीही कोणाला तरी आपल्या मालकीची हवीशी वाटली!

हे आकर्षण येते कोठून? त्याला सरसकट विकृती म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. अशी वस्तू तळहातावर घेतली की दोनशे वर्षांचे अंतर क्षणभर मिटते. पुस्तकातले मरण खरे वाटू लागते. पानिपताची चिमूटभर माती घरी आणून देवापाशी ठेवणारा माणूस याच ओढीने ती आणतो, आणि ती ओढ पवित्र आहे. परंतु त्या मातीला भाव नसतो आणि ती आणणारा तिच्यापुढे मान लववितो. विकत घेतलेल्या अवशेषापुढे मान लवत नाही, उलट ताठ होते. शोकाची जागा मालकीचा अभिमान घेतो, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट आहे ती हीच.

यावर संग्राहकांचा एक युक्तिवाद ठरलेला असतो: ‘आम्ही उचलले नसते, तर गंजून गेले असते.’ यात तथ्य नाही असे नाही. गडांची उपेक्षा शासनाने केली आणि समाजानेही केली. तथापि, उचलण्याने काय नष्ट होते, हेही पाहिले पाहिजे. तटात रुतलेला गोळा तोफ कोणत्या दिशेने डागली गेली ते सांगतो. कपाटातला गोळा म्हणजे लोखंडाचा गोल तुकडा. धामधुमीच्या काळात एखाद्या कुटुंबाने घाईघाईने जमिनीत पुरलेला नाण्यांचा गाडगाभर ठेवा अखंड सापडला, तर त्यातील सर्वांत अलीकडचे नाणे तो केव्हाच्या सुमारास पुरला असेल, हे सांगते. तो पुरणारा परत येऊ शकला नाही, हेही तो ठेवाच सांगतो. तीच नाणी सुटी करून विकली की त्या कुटुंबाची शेवटची साक्ष कायमची पुसली जाते. गुप्तधनाच्या लोभाने गडावर खणणारा आणि त्याच्याकडून मुकाट्याने घेणारा, दोघेही या पापाचे भागीदार आहेत.

कायदा नाही असेही नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तू परस्पर परदेशी पाठविण्यास बंदी केली आहे. संग्रह विद्येच्या सेवेत कसा लावावा, याचे उदाहरण शोधायलाही दूर जावे लागत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथे नाणे मिरविले जात नाही, वाचले जाते.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा महाराष्ट्र हरखला. एप्रिल २०२५ मध्ये रघुजीराजे भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात राज्य शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. आपल्याच पूर्वजाची तलवार लिलावात बोली लावून सोडवावी लागते, ही वेदना खरी आहे. पण ज्या समाजाला लंडनच्या कपाटांची चीड येते, त्याने आपल्या घरातील कपाटही एकदा उघडून पाहावे. हिस्लॉपच्या प्राइझ एजंटांनी अर्धवट सोडलेले काम आपल्याच हातांनी पुरे होत असेल, तर लंडनकडे मागणी करण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगायचा?

चांदवडचा गड चढताना एखादा गोळा दिसला, तर त्याला हात लावावा, थाळनेरच्या त्या ३०० जणांचे स्मरण करावे, जागेची नोंद करून पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि रिकाम्या हाताने खाली उतरावे. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीला खरे अभिवादन घडायचे तर ते असेच घडेल.