पेढीची छाप आणि फोनवरचे चिन्ह

ताग्यावर पेढीची छाप उमटल्यावाचून माल वखारीबाहेर जाऊ द्यावयाचा नाही, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा शिरस्ता होता. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईकही छाप पाहून माल मागे. त्याच पेढ्यांचे वारस आज मोबाइलवर ॲप काढतात, आणि त्या ॲपचे चिन्ह, ज्यास आयकॉन म्हणतात, ते मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडून देतात. ही गोष्ट आम्हांस मुळीच मानवत नाही.

आमची स्वतःची कथा प्रथम सांगतो. दुकानाच्या पाटीचे चित्र आम्ही ॲप करणाऱ्याच्या हाती दिले व निश्चिंत झालो. ॲप आले तेव्हा पेढीचे नाव दोन्ही अंगांनी कापले गेलेले आणि मधली दोन अक्षरे तेवढी एका वर्तुळात शिल्लक! "शेठजी, तुमचे दुकान फोनात सापडत नाही," असे एक जुने गिऱ्हाईक आम्हांस म्हणाले. त्या दिवशी आम्ही कंत्राटदारास बोल लावला. परंतु पुढे चौकशी केल्यावर दोष अधिक आमचाच ठरला.

अँड्रॉइडच्या 8.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, चिन्ह दोन थरांत देण्याची रीत आली आहे. एक थर पार्श्वभूमीचा, दुसरा आकृतीचा. प्रत्येक थर 108 एकके लांबरुंद असतो, पैकी चहूबाजूंची 18 एकके राखीव जातात. उरलेल्या 72 एककांसही फोन बनविणारी कंपनी आपल्या आवडीप्रमाणे गोल वा गोलसर चौकोनी कातरते. मधली 66 एककेच काय ती निर्धास्त. मग आडव्या पाटीची तेथे काय गत होणार? शिवाय तेच चिन्ह निरनिराळ्या पडद्यांसाठी 48 ठिपक्यांपासून 192 ठिपक्यांपर्यंत पाच मापांत लागते, आणि 48 ठिपक्यांत काना, मात्रा, वेलांटी यांची धूळ होते. आमच्या मते पूर्ण नावाचा मोह सोडून पेढीचे आद्याक्षर किंवा जुनी छापच घ्यावी.

ॲपच्या पॅकेजात कोणते चिन्ह वापरावयाचे ते 'मॅनिफेस्ट' नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. (जहाजावरील मालाच्या यादीस हाच शब्द आहे, आपल्यापैकी आयात-निर्यात करणाऱ्यांस तो परका नाही.) त्या नोंदीकडे कोणी लक्ष दिले नाही, तर ॲप घडविण्याच्या साधनाचेच ठरावीक चिन्ह पेढीच्या नावाखाली झळकत राहते. प्ले स्टोअरच्या पानावरील 512 ठिपक्यांचे चित्र तर पॅकेजात नसतेच, ते निराळे चढवावे लागते. त्यामुळे दुकानात एक छाप व गिऱ्हाइकाच्या हाती दुसरी, असा विपरीत प्रकार सहज घडतो. ॲपलच्या दुकानासाठी 1024 ठिपक्यांचे, पारदर्शक भाग नसलेले चौकोनी चित्र द्यावे. कोपरे तेथील यंत्रणा स्वतः गोल करते. सूचनेबरोबर दिसणारे लहान चिन्ह मात्र एकरंगी छायाकृतीच असावे, नाही तर नुसता पांढरा ठोकळा उमटतो.

याहून मोठी बाब हक्काची आहे. चिन्हाची मूळ फाइल कंत्राटदाराजवळच राहू देणे म्हणजे छापाचा ठसा परक्याच्या घरी ठेवणे होय. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरील हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. तेव्हा बिल चुकते करतानाच तो कागद करून घ्यावा. 1999 च्या ट्रेड मार्क कायद्याखाली नोंदणीची मुदत 10 वर्षांची असून पुढे ती वाढविता येते. फोनवरील चिन्ह नोंदलेल्या छापाहून भलतेच निराळे असेल, तर त्या नोंदणीचा आधार तितकाच लुळा पडतो. या खर्चास सभासद बंधू का कचरतात, हे आम्हांस कळत नाही. दुकानाच्या पाटीसाठी रंगाऱ्याशी तासभर हुज्जत घालणारे आपणच ना?

आमच्या ॲपची सुधारलेली आवृत्ती आता निघाली असून तीवर आजोबांच्या वेळची छाप आहे. ज्या गिऱ्हाइकांनी ती अद्याप उतरवून घेतलेली नाही, त्यांच्या फोनवर ती कापलेली दोन अक्षरे आजही आहेत.