पोलादाचं रोप कुठल्या नर्सरीत मिळतं?

'स्टील प्लँट'चं हिंदी काय? 'स्टील का पौधा'. म्हणजे पोलादाचं रोप.

2014 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात यूपीएससीची मुलं रस्त्यावर उतरली होती. सीसॅटच्या पेपरातल्या हिंदी अनुवादाचे जे नमुने तेव्हा त्यांच्या तोंडी होते, त्यात हा सगळ्यात गाजलेला. दुसरा 'टॅबलेट कंप्यूटर'चा 'गोली कंप्यूटर'. आता हे दोन्ही व्हॉट्सॲपवर विनोद म्हणून फिरतात. परवा आमच्या एका ग्रुपवर पुन्हा आले, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मलाही हसू आलं, नाही असं नाही. पण ज्या पोरानं हे पेपरात वाचलं असेल, त्याच्या हातात घड्याळ होतं आणि समोर पर्याय होते. त्याला काय हसू येणार!

आता बघा, इंग्रजीतला 'प्लँट' हा शब्दच बहुरूपी. रोप म्हणजे प्लँट, कारखाना म्हणजे प्लँट. पोलिसांनी कुणाच्या खिशात पुडी टाकून पकडलं तर तेही प्लँट केलं. आमच्या धंद्यात तर 'प्लँट' बातमी असते, ती कोण पेरतो आणि कुणासाठी पेरतो ते कधी तरी वेगळं लिहीन. आपल्या गावात ग्रामपंचायतीचा आरओ प्लँट आहे, हायवेला डांबराचा हॉटमिक्स प्लँट आहे, आणि नर्सरीवाल्याच्या बिलावर 'प्लँट 40 नग' असं लिहिलेलं असतं. यात आजवर कुणाचा घोटाळा झालाय? आरओ प्लँटला कुणी खत घालायला गेलं नाही. कारण ऐकणाऱ्याला विषय माहीत असतो.

म्हणजे दोष शब्दाचा नाही. पुढचं-मागचं वाक्य न वाचता डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलून चिकटवला की असं होतं. तो माणसानं चिकटवला की मशीननं, याच्याशी पेपर देणाऱ्याला काही देणंघेणं नाही.

आणि हिंदीत शब्द नव्हता अशातली गोष्ट नाही. भिलाईला केंद्र सरकारच्याच कंपनीचा पोलाद कारखाना आहे, त्याचं हिंदी नावच 'भिलाई इस्पात संयंत्र'. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात असतं ते. तांत्रिक शब्द ठरवायला 1961 पासून केंद्राचा वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग आहे. तिथे झाडासाठी 'पादप' आहे, कारखान्यासाठी 'संयंत्र' आहे. टॅबलेटचं तर भाषांतर करायचीच गरज नव्हती, हिंदी पट्ट्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा त्याला टॅबलेटच म्हणतं.

बरं, 2014 नंतर काय सुधारलं? आंदोलनानंतर सरकारनं त्या वर्षी इंग्रजी उताऱ्यांचे गुण मेरिटमध्ये धरू नका म्हणून सांगितलं. 2015 पासून सीसॅट 33 टक्क्यांचा नुसता पात्रता पेपर झाला. अनुवादाचं दुखणं मात्र राहिलंच. 2020 च्या पूर्व परीक्षेत गांधी-आयर्विन कराराच्या प्रश्नात इंग्रजीत 'सिव्हिल डिसओबिडियन्स' होतं आणि हिंदीत 'असहयोग आंदोलन'. असहकार 1920 चा, सविनय कायदेभंग 1930 चा. करार 1931 चा. ज्याचा इतिहास पक्का, तो हिंदी वाचून सरळ म्हणणार की हा पर्याय चुकीचा. म्हणजे जो चांगला शिकला तोच फसला. वर चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात.

यावर साहेबलोकांचं ठरलेलं उत्तर असतं, की पेपरात शेजारी इंग्रजी छापलेलं असतं, शंका आली तर ते बघा ना. पण शंका यायला तर हवी! 'असहयोग आंदोलन' वाचून कुणाला कशाला शंका येईल? शब्द बरोबर, वाक्य बरोबर. 'पौधा' निदान ओरडून सांगतो की मी चुकलोय. आणि सीसॅटला दोन तासांत 80 प्रश्न, एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यात दोन भाषा ताडून बघत बसायचं?

आता कुणी म्हणेल, हिंदीचं हिंदीवाले बघतील, आपल्याला काय? आपल्याला असं, की यूपीएससीचा पूर्व परीक्षेचा पेपर मराठीत येतच नाही. मुख्य परीक्षेला उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीतच. आपल्या अभ्यासिकेतला एक पोरगा मला म्हणाला, "सर, आम्ही आधी इंग्रजी वाचतो, अडलं की हिंदी बघतो, मग मनात मराठी करतो." ज्या काठीचा आधार घ्यायचा तीच ही असली.

नीटचा पेपर मराठीत मिळतो, तिथे तर हे थेट आपल्या घरात येतं. नीटचा नियमच आहे, अनुवादात घोळ असेल तर इंग्रजी अंतिम. 2018 ला तमिळ पेपरात 49 प्रश्नांचा अनुवाद चुकल्याची तक्रार मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठात गेली. कोर्टानं प्रत्येकी 4 प्रमाणे 196 गुण द्यायला सांगितलं. 720 पैकी 196! सुप्रीम कोर्टानं आधी स्थगिती दिली आणि नोव्हेंबरात तो निकाल रद्द केला. सरसकट गुण वाटणं बरोबर नव्हतं, हे मला पटतं. ज्यांनी ते प्रश्न बरोबर सोडवले त्यांनाही फुकट गुण आणि बाकी देशातली मुलं मागे, असं कसं चालेल? पण मग ज्यांचे प्रश्न खरंच अनुवादामुळे गेले, त्यांना काय मिळालं? काही नाही. पेपर एकदा होऊन गेला की न्याय कुणालाच देता येत नाही, म्हणून जे करायचं ते छापायच्या आधी करा.

आणि ते अवघड नाही. अनुवाद झाल्यावर त्या विषयाच्या एका शिक्षकाला इंग्रजी झाकून फक्त हिंदी किंवा मराठी वाचायला द्या आणि प्रश्न सोडवायला सांगा. पोलादाचं रोप तिथेच सापडेल. गुप्ततेचं कारण सांगू नका. पेपर काढणारेही माणसंच असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवताच ना? त्यात आणखी एकाची भर.

तलाठी भरती, टीईटी, नीट, कुठल्याही पेपरात असा अनुवाद भेटला असेल तर परीक्षा, वर्ष आणि प्रश्न क्रमांक लिहून मला पाठवा. नाव नको, बैठक क्रमांक नको. पंचवीस-तीस नमुने जमले की निवेदनासोबत जोडून आमदार-खासदारांना देतो, आणि पोचपावती इथेच टाकतो.